पोच द्यायची राहून गेली

किनारपट्टी (धागाकर्ती)

२००८ सालच्या जुलै महिन्यातील एका संध्याकाळी मी आणि माझे वडील चिपळूणहून कऱ्हाडला जाणाऱ्या एस.टी.त बसलो होतो. वडील गुहागर तालुक्यातील एका शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते. मधुमेह जुना होता, पायाची जखम भरत नव्हती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कऱ्हाडला डॉक्टरांची वेळ घेतलेली होती. गाडी पाचच्या सुमारास सुटली, शिरगाव मागे पडले आणि पोफळीच्या जरा पुढे, जिथे कुंभार्ली घाटाची चढण सुरू होते, तिथे ती थांबली. वर दरड आली होती. घाट बंद झाला की चिपळूणच्या माणसाला कऱ्हाड गाठायला दक्षिणेकडे आंबा घाटाचा मोठा वळसा घ्यावा लागतो, आणि त्या पावसात कोणी तसा विचारही करत नव्हते. रस्ता उघडण्याची वाट पाहणे एवढेच प्रवाशांच्या हाती होते.

साडेसात वाजता वडिलांनी पिशवीतून डबी काढली आणि नेहमीच्या वेळेला इन्सुलिन टोचून घेतले. आयुष्यभर शाळेच्या घंटेवर चाललेला तो माणूस होता, वेळ चुकवणे त्यांना ठाऊकच नव्हते. इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने जेवायचे असते, आणि जेवण तर कऱ्हाडला आत्याकडे आहे, हा हिशेब त्या अंधारात त्यांनी केला नाही आणि मीही केला नाही. डब्यातल्या पोळ्या आम्ही दुपारी चिपळूणच्या स्थानकावरच संपवल्या होत्या.

सव्वाआठच्या सुमारास वडील मला विचारू लागले की सातवीची हजेरी झाली का. त्यांचा सदरा घामाने भिजला होता. खिडकीतून आत येणारा वारा गार असताना त्यांना घाम का यावा हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण थकव्याने असे बोलत असतील असे समजून मी त्यांना डोळे मिटून पडायला सांगितले. इन्सुलिननंतर पोटात अन्न न गेल्याने त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेली होती, आणि ते निजले असते तर पुढे काय झाले असते हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितले.

त्याच वेळी रस्त्याकडेच्या एका घरातून एक बाई किटली घेऊन गाडीत चढल्या. लहान मुलांसाठी दूध आणि म्हाताऱ्यांसाठी चहा असे त्यांनी दारातूनच सांगितले. आमच्या आसनापाशी आल्यावर त्यांनी विजेरीच्या उजेडात वडिलांचा चेहरा पाहिला, कपाळाला हात लावला आणि मला एकच प्रश्न विचारला : "ह्यांना साखरेचा आजार हाय काय?" मी हो म्हणताच त्यांनी किटली वाहकाच्या हातात दिली, दोन पुरुषांना हाक मारली आणि वडिलांना आधार देऊन आपल्या पडवीत नेले. आधी घोटभर साधे पाणी पाजून गिळता येते आहे याची त्यांनी खात्री करून घेतली, मग साखरेचे दाट पाणी चमच्याचमच्याने दिले. दहा-पंधरा मिनिटांत वडील मला माझ्या नावाने ओळखू लागले. मला वाटले, संपले. पण त्या म्हणाल्या की नुसती साखर टिकत नाही, पोटात अन्न जायला हवे, आणि त्यांनी उकड्या तांदळाची पेज आणि लिंबाचे लोणचे पुढे ठेवले. हे सारे त्यांना सासूच्या आजारपणात शिकावे लागले होते. त्या सासूबाई आता नव्हत्या, पण त्यांचे शिक्षण असे माझ्या वडिलांच्या उपयोगी पडले.

साडेअकराला वाट मोकळी झाल्याचा निरोप आला. वडिलांनी शंभराची नोट पुढे केली. त्यांनी ती घडी घालून पुन्हा वडिलांच्या खिशात ठेवली आणि मला म्हणाल्या, "पैशे नकोत. पोचलात काय तेवढं कळवा, नायतर माजा जीव टांगनीला ऱ्हायल." त्यांच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या दुकानाचा क्रमांक त्यांनी तोंडी सांगितला आणि मी तो इन्सुलिनच्या खोक्याच्या झाकणावर लिहून घेतला.

आम्ही रात्री दोनच्या पुढे कऱ्हाडला पोचलो. सकाळी डॉक्टरांनी वडिलांना दाखल करून घेतले, त्यांचे इन्सुलिन बदलले, आणि जुने खोके कोणीतरी कचऱ्यात टाकले. मला त्या क्रमांकाची आठवण झाली तेव्हा आठ दिवस उलटून गेले होते. मग आता काय तोंडाने कळवायचे असे वाटू लागले, आणि तो संकोच दर वर्षी वाढत गेला. वडील त्यानंतर नऊ वर्षे जगले. "त्या बाईंना कळवलेस ना?" असे ते अधूनमधून विचारत, आणि एकदा मी त्यांना हो असे खोटे सांगितले. त्यानंतर त्यांनी विचारले नाही.

आपल्या भाषेत मुक्कामी जाणे म्हणजेही पोचणे आणि मिळाल्याची कबुली म्हणजेही पोच. त्या बाईंनी माझ्याकडे दोन्ही अर्थांनी पोचच मागितली होती. प्रवासात अनोळखी माणसांनी केलेल्या मदतीबद्दल आपण सगळे बोलतो, पण ती मदत केल्यानंतर त्या माणसाच्या मनात काय उरते याचा विचार मी तरी फार उशिरा केला. तुमचे अनुभव वाचायला आवडतील, विशेषतः मदत करणाऱ्याच्या बाजूने कोणी उभे राहिले असेल तर.

पाऊलवाट

तुमच्या वडिलांचा जीव वाचला, हे त्या बाईंनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. शुद्धीवर आलेला, पेज पिऊन गाडीत चढलेला माणूस त्यांनी पाहिला. त्यामुळे तुम्ही स्वतःला इतका दोष देऊ नये असे मला वाटते. शिवाय अठ्ठेचाळीस तासांत कामाच्या रामरगाड्यात त्या तुम्हाला विसरूनही गेल्या असतील.

उल्हासकाठ

पाऊलवाट, त्या विसरल्या नसणार, आणि हे मी अनुभवाने सांगते.

आमचे घर बदलापूर आणि वांगणी यांच्या मधल्या एका गावात आहे. २७ जुलै २०१९ च्या पहाटे मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस आमच्या भागात उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत हजाराहून अधिक प्रवासी होते. दोन्ही बाजूंनी पाणी, डब्यांत अंधार, आणि बाहेर उतरावे तर रूळ दिसत नाहीत अशी अवस्था होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी, नौदलाची पथके आणि हेलिकॉप्टर हे सगळे दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिले आहे. बोटींतून उतरलेल्या लोकांना आसपासच्या गावांतील माणसांनी चहा, बिस्किटे, भात, कोरडे कपडे, जे घरात होते ते दिले. त्यात आम्ही काही जगावेगळे केले असे नाही.

त्या प्रवाशांत नऊ गरोदर स्त्रिया होत्या असे नंतर वर्तमानपत्रांत आले. त्यांपैकी एक थोडा वेळ आमच्या ओटीवर बसली होती. सातवा महिना लागला होता, साडी कमरेपर्यंत चिंब भिजली होती आणि दात वाजत होते. आईने तिला आपली कोरडी साडी नेसवली, गरम पाण्याने पाय शेकले आणि तिच्या नवऱ्याला दटावून आधी काही खायला लावले. मग गाड्या आल्या, लोकांना कल्याणला नेले, तिथून कोल्हापूरसाठी विशेष गाडी सोडली. ती आईची साडी नेसूनच गेली. गडबडीत नाव विचारायचे राहिले, क्रमांक घ्यायचा राहिला.

आई अजूनही दर पावसाळ्यात तिची आठवण काढते. साडीचा उल्लेख तिने एकदाही केलेला नाही. ती बोटांवर महिने मोजते आणि म्हणते, आश्विनात बाळंत झाली असेल. त्यानंतर दर वर्षी त्या मुलाचे वय ती एकाने वाढवते. "मुलगा असेल का मुलगी?" असे मला विचारते, आणि या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आपण ज्याला एकदा हात दिला त्याचे पुढचे काहीच कळू नये, याचा त्रास होतो. तो फार मोठा त्रास नाही, पण जातही नाही.

किनारपट्टी

उल्हासकाठ, तुमचा प्रतिसाद मी दोन वेळा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचताना थांबले. आईंना माझा नमस्कार सांगा. ती मुलगी किंवा तिच्या घरचे कोणी हे वाचत असतील तर त्यांनी कृपया इथे दोन ओळी लिहाव्यात.

उजवा_काठ

मी थोडे वेगळे मत मांडतो, त्यात कोणाला दुखवायचा हेतू नाही.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी नर्मदेची पायी परिक्रमा केली. ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगतो : ओंकारेश्वर, अमरकंटक किंवा अन्य ठिकाणाहून उचलायची, नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, प्रवाह कुठेही ओलांडायचा नाही, आणि भरूचच्या पुढे जिथे ती समुद्राला मिळते तिथे विमलेश्वरहून नावेने खाडी पार करून मिठी तलाईला उतरायचे. या सगळ्या वाटेवर काठची माणसे परिक्रमावासींना सदाव्रत देतात. म्हणजे पीठ, डाळ, मीठ, मिरची असा कोरडा शिधा, नाहीतर शिजवलेले अन्न आणि रात्रीपुरता निवारा. देणाऱ्यांत एकवेळ स्वतःच्या घरात पुरेसे नसलेले लोकही असतात. शूलपाणीच्या झाडीत पूर्वी परिक्रमावासींना लुटले जाई असे जुने लोक सांगतात. त्याच डोंगरांत मला एका भिल्ल कुटुंबाने मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली आणि घरातली एकुलती एक खाट झोपायला दिली. मी रात्री उठून पाहिले, तर घरधनी ओसरीत जमिनीवर निजला होता.

सकाळी निघताना मीही तुमच्यासारखेच विचारले, की तुमचा पत्ता द्या, घरी गेल्यावर पत्र लिहीन. त्याला माझे म्हणणे कळलेच नाही. तो म्हणाला, "मैया का था, मैया को दिया।" त्या वाटेवर कोणी कोणाचे नाव विचारत नाही, 'नर्मदे हर' एवढ्यावर ओळख सुरू होते आणि संपते. देणाऱ्याचे देणे तुमच्या हातावर पडते तेव्हाच पूर्ण होते, पुढे तुम्ही पोचलात की नाही ते नदीने पाहावे अशी त्यांची श्रद्धा आहे. मला या रीतीत फार मोठी मोकळीक जाणवली. पोच मागणे हीदेखील शेवटी एक अपेक्षाच नाही का?

किनारपट्टी

उजवा_काठ, तुमचे म्हणणे मला समजते आणि त्या घरधन्यापुढे मी नतमस्तक आहे. पण परिक्रमेच्या वाटेवर शेकडो वर्षांची रीत आहे. घेणारा आणि देणारा दोघेही ती रीत जाणून असतात, आणि तुमची काळजी वाहायला त्या माणसाकडे त्याची मैया होती. पोफळीच्या बाईंकडे त्या रात्री अशी काही रीत नव्हती. एक घामाघूम झालेला म्हातारा त्यांनी बरा केला आणि तो पुन्हा अंधारात, दरड कोसळलेल्या घाटात निघून गेला. त्यांनी काळजी स्वतःच वाहिली, आणि ती उतरवण्याचा एकच उपाय मला सांगितला होता. त्याला अपेक्षा म्हणता येईल, पण ती माझ्या सोयीसाठी नव्हती आणि पूर्ण करायला मला एक रुपया पुरला असता.

रात्रपाळी

मी एका जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून या विषयातील एक कायद्याची आणि एक मनाची बाजू मांडतो.

अपघातग्रस्ताला रुग्णालयात आणणारा माणूस पूर्वी दारातूनच पळून जायचा, कारण पोलिसांचे जबाब, साक्ष, रुग्णालयाचे पैसे यांत आपण अडकू अशी त्याला भीती असे, आणि ती अगदीच निराधार नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. आता मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि त्याच्यावर केवळ मदत केली म्हणून खटला भरता येत नाही. हा बदल अत्यंत आवश्यक होता, त्याने प्राण वाचले आहेत असे मी माझ्या अनुभवावरून म्हणेन.

मनाची बाजू अशी, की नाव न सांगता गेलेला माणूस पुन्हा येतो. रात्री अडीच वाजता कोणाला तरी रक्ताळलेल्या अवस्थेत आणून सोडलेला रिक्षाचालक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारापाशी घुटमळतो आणि शिपायाला विचारतो, "कालचा तो पोरगा हाय का?" आम्हाला त्याला रुग्णाची माहिती देता येत नाही, कारण तो नात्याचा नाही, आणि रुग्णाची प्रकृती तिऱ्हाइताला सांगायची नसते. नियम योग्यच आहे. पण ज्याच्या रिक्षाच्या आसनावर त्या पोराचे रक्त सांडले त्याला तिऱ्हाईत म्हणताना माझी जीभ अडखळायची. मी एक मार्ग काढला होता. नातेवाइकांना सांगायचो की तुमच्या मुलाला आणणारा माणूस बाहेर उभा आहे, तुम्हीच त्याला भेटा. बहुतेक वेळा आई उठून जायची. पुढचे मला सांगायची गरज पडत नसे.

तुमच्या वडिलांबाबत एक सांगतो. त्या बाईंनी साखरेनंतर पेज दिली हा निर्णय अतिशय अचूक होता. इन्सुलिनचा परिणाम कित्येक तास चालतो आणि नुसत्या साखरेने सावरलेल्या रुग्णाची रक्तातली साखर तासाभरात पुन्हा खाली जाऊ शकते. गिळता येते का हे आधी पाहणे तर अनेक सुशिक्षित लोकांच्याही लक्षात येत नाही. घाटात रात्री साडेअकरानंतर वडील पुन्हा घसरले नाहीत ते त्या पेजेमुळे.

निशिकासाई

मी तोक्योमध्ये राहतो. इथे एक व्यवस्था आहे, ती या चर्चेशी अगदी जवळून जोडलेली आहे.

पहिल्याच हिवाळ्यात मी माझे पाकीट भुयारी रेल्वेत विसरलो. त्यात रहिवास परवाना, बँकेचे कार्ड आणि पगारातले बरेचसे रोख पैसे होते. दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीतून बोलावणे आले. चौकीला इथे कोबान म्हणतात, रस्त्याच्या कोपऱ्यावर एका खोलीची असते. पाकीट जसेच्या तसे होते. इथल्या हरवलेल्या वस्तूंच्या कायद्याप्रमाणे वस्तू आणून देणाऱ्याला तिच्या किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागण्याचा हक्क असतो, आणि तो हक्क सोडायचा आहे का हे त्याला विचारले जाते. त्याबरोबर आणखी एक प्रश्न असतो : तुमचे नाव आणि संपर्क मालकाला कळवावा का? कळवायला संमती दिली असेल तर मालकाने स्वतः दूरध्वनी करून आभार मानणे ही इथली रीत आहे.

माझे पाकीट आणून देणाऱ्याने बक्षीसही सोडले होते आणि नाव कळवायलाही संमती दिली नव्हती. मी पोलिसांना दोनदा विचारले. त्यांनी नम्रपणे नकार दिला. त्या व्यक्तीने स्वतःच्या वेळेतला अर्धा तास खर्च करून अर्ज भरला होता, एवढेच मला कळले. ते स्त्री होती की पुरुष, तरुण की म्हातारी, काहीही कळले नाही. मला तेव्हा आपल्या गावाकडची आठवण झाली. आपल्याकडे कसलीच नोंद नसते, पण मदत करणारा दारात उभा राहून पुढची चौकशी करतो. इथे प्रत्येक गोष्टीची नोंद होते, आणि नको असेल तर तो माणूस त्या नोंदीमागे पूर्ण नाहीसा होऊ शकतो. कोणती रीत चांगली हे मी ठरवू शकत नाही. पण ज्याने पोच मागितली आहे त्याला ती दिलीच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

डबलबेल

मी एस.टी.त वाहक होतो, तीस वर्षे नोकरी झाली, त्यातला मोठा काळ कोकणातल्या आगारांत गेला. किनारपट्टीताईंनी लिहिलेली रात्र माझ्या गाडीवरची नाही, पण तशा रात्री मी पुष्कळ काढल्या आहेत.

फोन घरोघरी नव्हते तेव्हा आमच्या गाड्यांतून माणसांबरोबर निरोपही जात असत. शिकायला शहरात राहिलेल्या मुलाचा जेवणाचा डबा, औषधाची पुडी, "मामा वारले, ताबडतोब निघा" अशी चिठ्ठी, हे सगळे चालकाच्या मागच्या फळीवर असे. दूरच्या पाहुण्याला निरोप देताना घरचे लोक आपलाच पत्ता लिहिलेले कोरे पोस्टकार्ड त्याच्या पिशवीत ठेवत, म्हणजे उतरल्याबरोबर 'सुखरूप पोचलो' एवढे लिहून त्याने ते पेटीत टाकावे.

गाडी बंद पडली किंवा रस्ता अडला की ज्या घरांनी प्रवाशांना पाणी-चहा दिला त्या घरांतल्या बायका दुसऱ्या दिवशी थांब्यावर येऊन आम्हाला विचारत : ती बाळंतीण नीट गेली का, तो आजोबा पोचला का. माझ्याकडे उत्तर नसे. एक तर माझी ड्यूटी बदललेली असे, नाहीतर तो प्रवासी मधल्याच थांब्यावर उतरून गेलेला असे. "पोचले असतील" असे मी म्हणत असे आणि दोन घंटा देत असे. त्या बायका गाडी वळेपर्यंत तिथेच उभ्या राहत. ताई, तुम्ही पोफळीला जाऊन या. रस्त्याकडेचे घर आहे, दुकान शेजारी आहे, एवढ्या खुणा पुष्कळ झाल्या. घाटाच्या तोंडाशी घरे थोडी आहेत आणि तिथली माणसे सहसा घर सोडून जात नाहीत.

उजवा_काठ

डबलबेल यांचा प्रतिसाद वाचून मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. जाऊन या, आणि इथे लिहा.

किनारपट्टी

लिहायला तीन आठवडे लागले, कारण जायला तेवढे दिवस लागले. मी एकटीच गेले, आणि मुद्दाम चिपळूणहून कऱ्हाडची एस.टी. घेतली.

दुकान आता राहिलेले नाही, त्या जागी मोबाइल दुरुस्तीची टपरी आहे. पण घर तिथेच आहे. पडवीला आता फरशी आहे, पत्रे नवे आहेत. त्या अंगणात कोकमे वाळत घालत होत्या. केस पूर्ण पांढरे झाले आहेत आणि गुडघ्यांमुळे उठताना खांबाला धरावे लागते. मी कोण हे सांगण्यासाठी मी वाटेत बरीच वाक्ये जुळवली होती. मी फक्त एवढे म्हटले, की पुष्कळ वर्षांपूर्वी दरड पडली होती त्या रात्री तुम्ही माझ्या वडिलांना साखरेचे पाणी दिले होते. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि विचारले, "मास्तर? हजेरी मांडीत होते ते?"

मी वडील गेल्याचे सांगितले. त्या रात्रीनंतर नऊ वर्षे जगले, पाय वाचला, नातीच्या लग्नाला उभे राहिले, हेही सांगितले. त्यांनी सगळे बारकाईने विचारून घेतले. गाडी कऱ्हाडला किती वाजता पोचली, वाटेत पुन्हा घाम आला का, सकाळी डॉक्टर काय बोलले. इतक्या वर्षांनी त्या रात्रीचा उरलेला अर्धा भाग त्यांना ऐकायचा होता, आणि मला तो आठवून आठवून सांगावा लागला. मग त्यांनी सांगितले की दुसऱ्या दिवसापासून सलग चार दिवस त्या कऱ्हाडहून येणाऱ्या प्रत्येक गाडीपाशी जाऊन वाहकांना विचारत होत्या. पाचव्या दिवशी त्यांच्या यजमानांनी समजावले, की वाईट काही असते तर कानावर आले असते.

मी क्षमा मागितली. खोक्याची गोष्ट सांगितली, आणि वडिलांशी खोटे बोलले तेही सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि पेज घेऊन आल्या, आणि मी ती संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. उल्हासकाठ, तुमच्या आईंची गोष्टही मी त्यांना सांगितली. त्यांचे मत असे आहे की पोटाचा आकार पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण मुलगीच असावी.

आता त्यांच्याकडे मोबाइल आहे. निघताना त्यांनी क्रमांक सांगितला, मी तो नोंदवून घेतला आणि शिवाय हातावर पेनाने लिहिला. गाडी घाट चढून हेळवाक, कोयनानगर, पाटण करत संध्याकाळी सातच्या पुढे कऱ्हाडच्या स्थानकात शिरली. फलाटावर पाय ठेवताच मी फोन लावला. पहिल्याच घंटेला त्यांनी उचलला. मी म्हटले, "काकी, पोचले."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "जेवलीस काय?"